काचकागद

काचकागद : (पॉलिशपेपर, सँडपेपर, घासकागद). कागदाच्या किंवा कापडाच्या एका बाजूस टणक कण सरसाने वा राळेने चिकटवून केलेले अपघर्षक (घासून झिजवण्याचे साधन). मराठी नावात काच आणि इंग्रजी नावात वाळू असली, तरी आज विकल्या जाणाऱ्या कागदावर यांपैकी काहीही सहसा नसते. या नोंदीत हाताने केलेल्या लहान लाकडी पेट्यांपुरता (दागिन्यांची पेटी, फणीपेटी, सरकत्या झाकणाचा डबा) विचार केला आहे.

उगम : तेराव्या शतकात चीनमध्ये शिंपल्यांचा चुरा, बिया व वाळू झाडाच्या डिंकाने चर्मपत्रावर चिकटवीत, हे विधान संदर्भग्रंथांतून वारंवार येते. बहुतेक ठिकाणी ते एकमेकांवरून उतरवलेले दिसते, म्हणून शतकाचा उल्लेख स्थूलमानानेच घ्यावा. त्याहून भक्कम पुरावा नैसर्गिक अपघर्षकांचा आहे. अठराव्या शतकातील फ्रेंच सुतारकामात शार्क जातीच्या माशाचे वाळवलेले कातडे आणि अश्वपुच्छ (एक्विसेटम) या वनस्पतीचे सिलिकायुक्त दांडे वापरीत. जपानी कारागीर हेच दांडे ‘तोकुसा’ या नावाने वापरतात.

लंडनच्या जॉन ओकी यांनी १८३३ मध्ये काचेचा चुरा लावलेल्या कागदाचे उत्पादन सुरू केले. १४ जून १८३४ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या स्प्रिंगफील्ड येथील आयझॅक फिशर (धाकटे) यांना सँडपेपरसंबंधी पेटंट मिळाले. दोघांपैकी एकाला ‘जनक’ ठरवण्याचा प्रघात आहे. मात्र फिशर यांचे पेटंट कागद तयार करण्याच्या पद्धतीविषयी आहे, म्हणजे वस्तू आधीच वापरात होती. ओकी यांचे श्रेयही शोधापेक्षा कारखानदारीचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

भारतात हे काम झाडाची पाने करीत. लाकूड व हस्तिदंत घासण्यासाठी ‘खरवत’ वापरीत असा उल्लेख येतो, पण हे झाड कोणते याबद्दल एकवाक्यता नाही. फायकस एक्झास्पेराटा आणि स्ट्रेब्लस ॲस्पर ही दोन्ही वट कुलातील झाडे, दोन्हींची पाने कानशीसारखी खरखरीत आणि दोन्हींना खरवत, करवती अशी मिळतीजुळती नावे. पानावरील ताठ, खनिजयुक्त केसांमुळे हा खरखरीतपणा येतो. स्ट्रेब्लसचे पान लहान असते. सपाट फळीसाठी फायकसचे मोठे पान सोयीचे, म्हणून सुतारकामाच्या संदर्भात पहिला अर्थ घेणे बरे. पारिजातकाचे पानही याच कामी येई. त्याच्या ‘खुरासली’ या नावाचा संबंध काही जण या खरखरीतपणाशी जोडतात. लाखकामात वापरले जाणारे केवड्याचे पान मात्र या गटात धरू नये. ते लाखेला चकाकी आणते, लाकूड खरवडत नाही.

कण : काच (कठीणपणाच्या ‘मोज’ मापाने सुमारे ५.५) व गारगोटी (७) मागे पडल्या. गार्नेट (६.५ ते ७.५) लालसर असते, घासताना त्याचे कण फुटून नव्या धारा निघतात, पण दाब वाढला की ते लवकर बोथट होते. हाताने शेवटचा हात फिरवण्यासाठी जुने कारागीर तेच पसंत करतात. ॲल्युमिनियम ऑक्साइड (९) टिकाऊ आणि सर्वसाधारण कामास योग्य. सिलिकॉन कार्बाइड एडवर्ड अॅचेसन यांना १८९१ मध्ये गवसले. त्यापासून केलेला काळा ‘वॉटरपेपर’ (पाणी लावून घासण्याचा कागद) अमेरिकेत १९२१ पासून बाजारात आला. रोगणाच्या थरांवर तो उत्तम. शिवणसारख्या फिक्या, उघड्या लाकडावर मात्र त्याची काळी भुकटी छिद्रांत बसते. भारतातील अपघर्षक उद्योगाचा आरंभ घासचाकांपासून झाला. उरणजवळील मोरा येथे ग्राइंडवेल या कंपनीची स्थापना १९४१ ची.

क्रमांक : निवडीतील बहुतेक घोटाळे येथे होतात. क्रमांक जितका मोठा तितका कण बारीक, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण मापनपद्धती एक नाही. युरोपीय ‘पी’ श्रेणीत पी १२० चा सरासरी कण सुमारे १२५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), पी १८० चा ८२, पी २४० चा ५८.५ आणि पी ४०० चा ३५ असतो. पी २२० पर्यंतचे कण चाळण्यांनी वेगळे करतात, त्यापुढचे द्रवात खाली बसण्याच्या वेगावरून मोजतात. जुनी अमेरिकी श्रेणी २२० च्या आसपासपर्यंत ‘पी’शी जुळते आणि तेथून फुटते: अमेरिकी ३२० चा कण सुमारे ३६ मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ पी ४००. त्यामुळे आकड्यामागे ‘पी’ आहे की नाही, हे कागदाच्या पाठीवर पाहावे. त्याहून जुन्या पद्धतीत बारीकपणा शून्यांनी दाखवीत. दुकानात आजही मागितला जाणारा ‘झिरो नंबर’ ही तिचीच खूण. त्यावरून नेमका कण कळत नाही.

पेटीसाठी निवड : रंधा नीट चालला असेल तर पी १२० ने आरंभ पुरतो, पटाशीचे किंवा करवतीचे वळ असतील तर पी ८०. पुढे पी १५०, पी १८०, पी २४०. मधली पायरी गाळली तर आधीच्या कागदाचे चरे तसेच राहतात आणि पॉलिश चढल्यावरच दिसतात. घासणे लाकडाच्या रेषांच्या दिशेने. शेवटचा क्रमांक लेपावर ठरतो: चपड्याच्या किंवा वॉर्निशच्या पेटीस पी २४० पुरे, तेलपाण्याच्या पेटीस पी ३२० पर्यंत जावे. फार बारीक घासलेले लाकूड रंग कमी शोषते. फळीचे कापलेले टोक याउलट अधिक शोषून काळवंडते. डव्हटेल सांध्यात (पंख्यासारख्या खाचा एकमेकींत बसवून केलेल्या कोपऱ्याच्या जोडात) अशी टोके दर्शनी बाजूस येत असल्याने ती एक पायरी बारीक घासून रंग जुळवतात.

कागद हातात धरून घासल्यास कडा गोलावतात, म्हणून तो ठोकळ्याला गुंडाळतात. लहान पेटीसाठी त्याहून चांगली रीत म्हणजे पूर्ण कागद (९ × ११ इंच) काचेवर चिकटवून पेटीच त्यावर फिरवणे. झाकण व पेटी एकत्र धरली की दोन्ही एका पातळीत येतात. आतील बाजू जोडणीपूर्वीच घासावी, कारण नंतर कोपऱ्यात बोट जात नाही. सांध्याला मात्र कागद लावू नये, सांधा सैल होतो.

सागवान तेलकट असल्याने कागद लवकर भरतो. त्यासाठी विरळ कणांचा, म्हणजे ५० ते ७० टक्के पृष्ठ झाकलेला कागद घ्यावा. पाण्यात कालवलेला लेप द्यायचा असल्यास पेटी ओल्या फडक्याने पुसून, उठलेली लव वाळल्यावर शेवटच्या क्रमांकाने हलकेच काढतात. चित्रकामाच्या पेटीवर चिंचोक्याची खळ व खडू यांचा थर असेल, तर लाकडापेक्षा तो थर घासण्यालाच महत्त्व येते.

धूळ : लाकडाच्या धुळीची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये निश्चित कर्ककारक पदार्थांत केली. शिसवाच्या वर्गातील लाकडांची धूळ त्वचेलाही झोंबते.