जुनी हॉट हॅच की नटवलेली साधी गाडी: या प्रश्नाची पार्श्वभूमी

सिट्रोएन सॅक्सो १९९६ मध्ये बाजारात आली. तिची व्हीटीआर आणि व्हीटीएस ही दोन तीनदारी मॉडेल्स शेजारी उभी केली, तर सवय नसलेल्या माणसाला फरक शोधावा लागे. चाकांवरच्या फुगीर कमानी तशाच, बंपर तसेच, इंजिनही दोन्हीकडे १.६ लिटरचे. पण व्हीटीआरला आठ व्हॉल्व्ह आणि ९० अश्वशक्ती, तर व्हीटीएसला सोळा व्हॉल्व्ह आणि १२० अश्वशक्ती. विम्याच्या कागदावर या दोन गाड्या फार दूरच्या होत्या, आणि तरुण ग्राहकांपैकी पुष्कळांनी व्हीटीआर घेतली ती त्याच कारणाने. वापरलेली पण खरी वेगवान हॅचबॅक, म्हणजे हॉट हॅच, घ्यावी की साधे मॉडेल घेऊन सजवावे, हा प्रश्न त्या दोन गाड्यांत स्पष्ट दिसतो. त्याची मुळे मात्र बरीच जुनी आहेत.

सुरुवातीला सजावट आणि सुधारणा असा भेद नव्हता. इटलीत कार्लो अबार्थ यांची कंपनी फियाटच्या छोट्या गाड्यांसाठी बदलाची पेटीच विकायची. कार्बोरेटर, कॅमशाफ्ट, पिस्टन, सायलेन्सर असे एकमेकांसाठी बनवलेले भाग त्या पेटीत असत आणि ते सगळे मिळून बसवायचे असत. ब्रिटनमध्ये १९६१ साली मिनी कूपर आली. साध्या मिनीचे इंजिन ८४८ घनसेंटिमीटरचे आणि ३४ अश्वशक्तीचे. कूपरला ९९७ घनसेंटिमीटर, दोन कार्बोरेटर आणि ५५ अश्वशक्ती. पण कूपरमधला महत्त्वाचा बदल इंजिनात नव्हता, तो पुढच्या चाकांत होता: ड्रमच्या जागी सात इंची डिस्क ब्रेक. ताकद वाढवली तर थांबण्याची सोयही वाढवावी लागते, हे ज्यांचे नाव या गाडीला मिळाले ते जॉन कूपर शर्यतीच्या मैदानावरून शिकून आले होते.

मिनीला मागे उघडणारा दरवाजा नव्हता, म्हणून तिला हॅचबॅक म्हणता येत नाही. तो दरवाजा असलेल्या छोट्या वेगवान गाड्या सत्तरच्या दशकात दिसू लागल्या. १९७१ ची ऑटोबियांची ए११२ अबार्थ ही त्यांतली सुरुवातीची. या प्रकाराला कायमचा आकार दिला तो फोक्सवागन गोल्फ जीटीआयने. सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती दाखवली गेली आणि १९७६ मध्ये विक्रीला आली. कंपनीने ५,००० गाड्यांचा अंदाज धरला होता. पहिल्या पिढीतच साडेचार लाखांहून जास्त विकल्या गेल्या. १,५८८ घनसेंटिमीटर, बॉशचे के-जेट्रॉनिक इंधन-इंजेक्शन, ११० अश्वशक्ती आणि वजन सुमारे ८१० किलो. सर्वांत साध्या गोल्फला तेव्हा ५० अश्वशक्ती होती.

आज त्या गाडीची आठवण निघते ती जाळीभोवतीच्या लाल रेषेसाठी, चौकड्यांच्या सीटसाठी आणि गोल्फच्या चेंडूसारख्या गिअर नॉबसाठी. ते सगळे साध्या गोल्फलाही एका दुपारी बसवता आले असते. खालच्या बाजूला मात्र हवा खेळणाऱ्या पुढच्या डिस्क, कडक आणि आखूड स्प्रिंग, दोन्ही टोकांना अँटीरोल बार (वळणात गाडीचे कलणे कमी करणारी दांडी) आणि रुंद टायर होते. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन आणि टायर एकमेकांना जुळवून एकत्र बदललेले, हीच हॉट हॅचची व्याख्या आम्ही धरतो. पुढचा सगळा गोंधळ या चारांपैकी एकच गोष्ट उचलण्यातून झाला.

प्यूजो २०५ जीटीआय १९८४ मध्ये १.६ लिटर, १०५ अश्वशक्तीने आली. १९८६ मध्ये १.९ लिटरची, १३० अश्वशक्तीची आवृत्ती निघाली, तेव्हा कंपनीने नुसते इंजिन वाढवले नाही. मागे ड्रमच्या जागी डिस्क दिल्या आणि चाके १४ वरून १५ इंचांची केली. हलके वजन आणि वळणात अॅक्सिलरेटर सोडला की बाहेर झेपावणारी मागची बाजू यांमुळे ही गाडी जितकी आवडती झाली तितकीच ठोकलीही गेली. आज एखादी २०५ पाहताना त्या दुसऱ्या गोष्टीची आठवण ठेवावी. बॉनेटखालच्या पुढच्या दांड्यांवर सुरकुत्या आहेत का, डिकीच्या तळाच्या पत्र्यावरचे स्पॉट वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर आहेत का, हे रंगापेक्षा आधी पाहायचे. तिच्या मागच्या अॅक्सलमध्ये टॉर्शन बार (पीळ बसून स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्या) आणि सुईसारखी बेअरिंग आहेत. सील फाटून पाणी शिरले की बेअरिंग गंजतात, आडव्या नळीची आतली बाजू झिजते आणि मागची चाके वरून आत कलतात. तेवढ्यावर नुसती बेअरिंग बदलून भागत नाही, पूर्ण अॅक्सल नव्याने बांधावा लागतो. हीच रचना प्यूजोच्या १०६, ३०६ आणि सिट्रोएन सॅक्सोमध्येही आहे, त्यामुळे ही तपासणी त्या सगळ्यांना लागू.

याच सुमारास कंपन्यांनी स्वतःच हॉट हॅचचे कपडे, म्हणजे नुसता बाहेरचा साज, वेगळे विकायला सुरुवात केली. ब्रिटनमधल्या दुसऱ्या पिढीच्या गोल्फ ड्रायव्हरला जीटीआयसारखे चार पुढचे दिवे होते, इंजिन मात्र साधे. बाहेरच्या कंपन्याही होत्याच. जर्मनीत कामाई आणि झेंडरचे स्पॉयलर, स्कर्ट आणि बंपर तेव्हा जोरात खपत. तिथे गाडीतला प्रत्येक ठळक बदल तपासणी संस्थेकडून मान्य करून गाडीच्या कागदांत नोंदवावा लागतो, नाहीतर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवाना धोक्यात येतो. म्हणून जर्मन स्प्रिंग किंवा चाकांसोबत प्रमाणपत्र येते. वापरलेली गाडी घेताना हा कागद मिळाला, तर निदान भाग त्या गाडीसाठी तपासलेला होता एवढे कळते.

मग नव्वदीच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये विम्याचा फटका बसला. या गाड्या वेगवान होत्या, कुलुपे तकलादू होती आणि चोरून धूम ठोकणाऱ्यांच्या त्या पहिल्या पसंतीच्या होत्या. १९९२ मध्ये चोरीच्या गाडीने नुकसान करण्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. विम्याचे हप्ते इतके वाढले की तरुणांना अशी गाडी दाराशी ठेवणेही झेपेना, आणि काही वर्षे ही जात बाजारातून आक्रसली. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून सर्व नव्या गाड्यांना इमोबिलायझर (योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचा झाला, तोवर एक पिढी लहान इंजिनाची गाडी घेऊन ती सजवायला शिकली होती. तेव्हा सजावट ही हौस जितकी होती तितकीच सोय होती: कमी हप्त्याच्या गटातली गाडी घ्यायची आणि उरलेले पैसे दिसण्यावर घालायचे. यातली गफलत अशी की चाके, स्प्रिंग, सायलेन्सर हे सगळे बदल विमा कंपनीला कळवावे लागतात. न कळवता अपघात झाला, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. कळवले तर हप्ता वाढतो आणि मुळात वाचवलेल्या पैशातला बराच भाग परत जातो.

त्या काळात रूढ झालेली सजावटीची यादी आजही तशीच चालते, म्हणून तिच्यातली प्रत्येक गोष्ट गाडीला काय करते ते सांगायला हवे.

आधी मोठी चाके. १८५/६५ आर१५ या टायरचा व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर येतो आणि २०५/४५ आर१७ चा सुमारे ६१६, म्हणजे स्पीडोमीटर जवळजवळ बरोबर राहतो. पण टायरची कड १२० वरून ९२ मिलिमीटरवर येते आणि स्वस्त ओतीव अलॉय घेतले, तर एकेका चाकामागे तीन-चार किलो वजन वाढते. हे वजन स्प्रिंगच्या खाली असते आणि फिरतेही. ९० अश्वशक्तीच्या गाडीला ते लगेच जाणवते: उचल मंदावते आणि खड्ड्यात रिम वाकते. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाच्या, मधल्या गोल उंचवट्यापेक्षा चाकाचे भोक मोठे असेल, तर मधली रिंग हवीच. ती नसली की ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि लोक उगाच बॅलन्सिंग करत बसतात.

मग गाडी खाली बसवणे. छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकाला वर यायला साधारण ७० ते ८० मिलिमीटर जागा असते. मूळ शॉकअब्सॉर्बर ठेवून ४० मिलिमीटर आखूड स्प्रिंग घातल्या, तर निम्मी जागा उभ्या गाडीतच संपते. रॉड रबरी थांब्यावर आपटू लागतो आणि काही महिन्यांत सील गळते. शिवाय मॅकफर्सन रचनेत (बहुतेक छोट्या गाड्यांचे पुढचे सस्पेन्शन) खालचा आर्म चाकाच्या बाजूने वर कलतो; त्यामुळे सस्पेन्शनचा रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली जातो, आणि गाडी दिसायला बसकी पण वळणात कलायला मोकळी होते. कडक स्प्रिंग हा परिणाम झाकते, घालवत नाही. २५ ते ३० मिलिमीटर, जुळणारे शॉकअब्सॉर्बर आणि नंतर अलाइनमेंट, याच्या पलीकडे रस्त्यावरच्या गाडीला जाऊ नये.

उघडा एअर फिल्टर आवाज देतो. तो इंजिनाजवळची गरम हवा ओढतो आणि हवा तीन अंश गरम झाली की तिची घनता सुमारे एक टक्का घटते. रहदारीत वीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला रीमॅपने, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलून, मोजके टक्केच मिळतात. टर्बो इंजिनाला वीस ते तीस टक्के मिळू शकतात, पण साध्या मॉडेलचा क्लच त्या टॉर्कसाठी नसतो. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये आरपीएम चढतो आणि वेग तेवढा वाढत नाही, ही घसरणाऱ्या क्लचची खूण. ब्रेकचे गणित तर फार सरळ आहे. ११०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ४२४ किलोज्यूल उष्णता डिस्कमध्ये जाते. ताशी १४० वरून ८३२. वेग चाळीस टक्के वाढला, उष्णता जवळजवळ दुप्पट. साध्या मॉडेलच्या पातळ डिस्क दोन-तीन वेळा हे सोसतात, मग पेडल मऊ पडते.

दरम्यान खऱ्या हॉट हॅचमध्ये असे भाग आले, जे बाहेरून जोडणे जवळजवळ अशक्य. १९९७ च्या होंडा सिव्हिक टाइप आर मध्ये १.६ लिटरमधून १८५ अश्वशक्ती, मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर देत राहणारा) आणि जास्तीचे वेल्डिंग केलेली बॉडी होती. २००२ च्या फोर्ड फोकस आरएसलाही तसाच डिफरन्शियल होता. नंतर रेनोच्या मेगान आरएसने आणि २००९ च्या फोकस आरएसने पुढच्या हबची रचनाच बदलली, म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष चाकाच्या मध्याजवळ आला आणि जोर देताच स्टिअरिंग हातातून ओढले जाणे कमी झाले. साध्या मॉडेलमध्ये मोठे इंजिन बसवायचे ठरवले, तर इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, माउंटिंग, वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि किल्लीच्या चिपसह इमोबिलायझर, रेडिएटर, इंधनपंप, हब आणि ब्रेक एवढे लागते. म्हणजे एक पूर्ण अपघातग्रस्त हॉट हॅचच लागते.

वापरलेल्या खऱ्या गाडीची जोखीम वेगळ्या जागी असते: तिचे भाग चांगले असतात, पण देखभाल टाळली की खर्च एकदम अंगावर येतो. रेनो क्लिओ १८२ चा टायमिंग बेल्ट वेळेवर, वर्षे मोजून बदलावा लागतो. तिच्या क्रँकची पुली खाचेत अडकलेली नसते, त्यामुळे पिना लावून टायमिंग बांधावे लागते. खुणा करून बेल्ट चढवणारा मिस्त्री व्हॉल्व्ह वाकवू शकतो. थंड इंजिन डिझेलसारखे खडखडले, तर इनलेट कॅमवरची टायमिंग बदलणारी पुली गेली समजावी. पाचव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयमध्ये २.० लिटरच्या टर्बो इंजिनात उच्च दाबाचा इंधनपंप कॅमवरच्या एका छोट्या वाटीवर चालतो. त्या वाटीचा काळा लेप झिजला की ती भोक पडून तुटते आणि कॅमशाफ्ट नेते. तीन स्क्रू काढून पंप सोडवला की ती पाहता येते, म्हणून खरेदीआधी पाहण्याचा आग्रहच धरावा. त्यानंतरच्या साखळीवाल्या इंजिनांच्या सुरुवातीच्या मालात साखळी ताणून धरणारा टेन्शनर हा कच्चा दुवा आहे. २००७ नंतरच्या टर्बो मिनी कूपर एसलाही साखळीचा टेन्शनर आणि व्हॉल्व्हवर साचणारा कार्बन तपासावा.

या दोघांच्या मध्ये एक जात आहे आणि आमच्या मते तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. २००० च्या सुमारास आलेल्या फोर्ड फिएस्टा झेटेक एसला इंजिन १.६ लिटर, १०३ अश्वशक्तीचेच होते, पण खालचे बरेच भाग पूमा या कूपेकडून घेतलेले होते. आज एसटी-लाइन, आर-लाइन, जीटी-लाइन, एन लाइन अशी नावे सर्रास दिसतात. ह्युंदाईची आय३० एन २०१७ ची आणि तिची एन लाइन २०१८ ची. अशा गाडीचा भागक्रमांक साध्या मॉडेलशी ताडून पाहावा. पुढच्या डिस्कचा व्यास, शॉकअब्सॉर्बर आणि अँटीरोल बार यांचे क्रमांक वेगळे निघाले, तर ती सजावटीपेक्षा जास्त काही देते. फक्त बंपर आणि सीटचे क्रमांक वेगळे असतील, तर ती साधी गाडीच. साधीच घ्यायची असेल, तर पहिले पैसे चांगल्या टायरवर, मग ब्रेक पॅड आणि ताज्या ब्रेक ऑइलवर, मग नव्या शॉकअब्सॉर्बर आणि बुशवर घालावेत. चाके आणि स्पॉयलर सगळ्यांत शेवटी.

फोर्डने २०२३ मध्ये फिएस्टाचे उत्पादनच थांबवले आणि तिच्याबरोबर फिएस्टा एसटीही संपली. नव्या छोट्या हॉट हॅच कमी झाल्या, तसे जुन्या गाड्यांचे महत्त्व वाढले, आणि एकेकाळी बदललेल्या गाड्या आता पुन्हा मूळ रूपात आणून विकल्या जातात. त्याच्या खुणा राहतात: एअर बॉक्सच्या बोल्टवर चावीचे ओरखडे, टर्बोच्या नळ्यांवर मूळ स्प्रिंगक्लिपऐवजी स्क्रूचे क्लॅम्प, ईसीयूच्या कडेला नवा सीलंट, चाकाच्या कमानीत आतल्या बाजूला टायर घासल्याची चकाकी. विक्रेत्याने काढलेले मूळ स्प्रिंग, सायलेन्सर आणि चाके जपून ठेवली असतील, तर ती सौद्यातच मागून घ्यावीत. अनेक मॉडेल्सचे मूळ शॉकअब्सॉर्बर आता नव्याने बनत नाहीत.