कोल्बे–श्मिट अभिक्रिया: पार्श्वभूमी

जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान कोल्बे (१८१८–१८८४) यांच्या नावाच्या दोन अभिक्रिया आपल्याकडे बारावीपासूनच भेटतात. पहिली विद्युत अपघटनाची. १८४०च्या दशकाअखेर त्यांनी ॲसिटेटच्या द्रावणातून वीज सोडली आणि निघालेला वायू म्हणजे सुटे मिथिल मूलक (CH₃ हा एकटा अणुगट), असे मानले. प्रत्यक्षात ते इथेन होते.

दुसरी सॅलिसिलिक आम्लाची, आणि तिचे श्रेय एकट्या कोल्बेंचे की रुडॉल्फ श्मिट यांचेही, हा खरा प्रश्न तिथेच आहे. फिनॉल, सोडियम आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून हे आम्ल मिळते, हे १८६०च्या सुमारास कोल्बेंनीच दाखवले. १८७४ मध्ये त्यांनी कोरडे सोडियम फिनॉक्साइड (फिनॉलचा सोडियम क्षार) वापरून पद्धत सुधारली, आणि ड्रेस्डेनजवळ कारखाना उभा राहिला. पण १८०–२०० अंशांच्या त्या उष्णतेत फिनॉक्साइडचा एक रेणू आम्लाचा क्षार बनताना दुसऱ्याचा सोडियम ओढून घेई, आणि तो दुसरा रेणू फिनॉल होऊन उडून जाई. म्हणजे कितीही काळजी घेतली तरी निम्माच माल हाती लागे.

हा अडसर दूर केला रुडॉल्फ श्मिट यांनी. ते कोल्बेंचेच मारबुर्गचे विद्यार्थी. १८८५च्या सुमारास त्यांनी बंद भांड्यात, दाबाखाली वायू आधी शोषला जाऊ दिला आणि मग तापमान १२०–१४० अंशांच्या आसपासच ठेवले. आता जवळजवळ सगळ्या फिनॉक्साइडचे रूपांतर होऊ लागले. ही नुसती किरकोळ दुरुस्ती होती, असे म्हणणे अन्यायाचे आहे. आज कारखान्यांत चालते ती दाबाची पद्धत. तरीही पाठ्यपुस्तकांत बहुधा एकट्या ‘कोल्बे अभिक्रिये’चा उल्लेख असतो. मूळ शोध कोल्बेंचा, हे निर्विवाद. पण जोडनाव पूर्ण लिहायला हवे.

कोल्बेंना या आम्लाची ओढ होती ती जंतुनाशक म्हणून: शरीरात त्याचे पुन्हा फिनॉल होईल, असा त्यांचा तर्क होता. तो चुकला, पण १८७६ पासून संधिवातावर त्याचा गुण दिसू लागला. पोटाला ते झेपत नसे, म्हणून १८९७ मध्ये एका जर्मन रंगकंपनीत त्याला ॲसिटिल गट जोडला गेला आणि ॲस्पिरिन आले.

पोटॅशियम फिनॉक्साइड घेऊन तापमान वाढवले, तर कार्बन डायऑक्साइडपासून येणारा आम्लगट ऑर्थो (वलयावरच्या शेजारच्या) जागेऐवजी पॅरा (समोरच्या) जागी बसतो. सौंदर्यप्रसाधनांतल्या पॅराबेन परिरक्षकांचा कच्चा माल याच वाटेने बनतो.