बेकायदा पोलीस झडती : नोंदींची प्रत कशी मिळवायची, तक्रार कुठे करायची

पोलीस घराची झडती घेऊन जातात, कपाटं विस्कटलेली असतात आणि हातात एकही कागद नसतो. अशा वेळी बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे तक्रार देतात. काही महिन्यांनी 'चौकशी केली, तथ्य आढळले नाही' असा शेरा मारून ती निकाली निघते, कारण तक्रारीला जोडायला काही नसतं. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी झडतीच्या नोंदी मिळवा, मग तक्रार लिहा. ही माहिती महाराष्ट्रापुरती आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे खालची कलमं नवीन आहेत.

झडती बेकायदा कधी ठरते

वॉरंट नसलं म्हणजे झडती बेकायदा, असं नाही. कलम १८५ नुसार ठाणे अंमलदार किंवा तपास अधिकारी वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतो. पण त्यासाठी एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू असावा लागतो, वॉरंट आणेपर्यंत वस्तू हाती लागणार नाही असं मानायला कारण असावं लागतं, आणि ते कारण व शोधायची वस्तू आधी लेखी नोंदवावी लागते. अधिकारी स्वतः येऊ शकत नसेल, तर हाताखालच्या माणसाला लेखी आदेश देऊन पाठवावं लागतं. त्यामुळे दारात फक्त दोन हवालदार उभे असतील तर 'साहेबांचा लेखी आदेश दाखवा' हा प्रश्न अगदी रास्त आहे. तसंच गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे पोलिसांच्या भाषेतला गु.र.नं., विचारा आणि लिहून घ्या. 'सहज बघायचंय' हे कारण या कलमात बसत नाही. मात्र तुम्ही 'या, बघा' म्हणून दार उघडलंत, तर पुढे हरकतीची धार जाते.

कलम १०३ प्रमाणे परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत, राहणाऱ्या व्यक्तीला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायला हवं, आणि काय कुठे सापडलं याची यादी करून पंचांच्या सहीची प्रत त्या व्यक्तीला द्यायला हवी. बाईची अंगझडती बाईनेच, आणि सभ्यता राखून घ्यायची असते. नव्या कायद्याने यात एक मोठी भर घातली आहे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण करणं, शक्यतो मोबाइलवर, बंधनकारक आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. झडती बेकायदा ठरली म्हणून सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही. १९७४ च्या पूरणमल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. 'झडतीच चुकीची, म्हणजे केस उडाली' असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्या भरवशावर राहू नका. अधिकाऱ्याची जबाबदारी ठरवणं ही वेगळी लढाई आहे.

झडती चालू असताना

दार अडवू नका, धक्काबुक्की तर नाहीच. 'सरकारी कामात अडथळा' हा गुन्हा लागला की मूळ विषय मागे पडतो. तोंडी हरकत घ्या आणि सही करायची वेळ आली की लेखी. पंचनाम्यावर कोऱ्या जागा ठेवून सही मागितली, तर आधी त्या जागांवर रेघ मारायला सांगा. सहीजवळ स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहा : 'झडतीस माझी हरकत आहे. वॉरंट किंवा लेखी आदेश दाखवला नाही. पंच परिसरातील नाहीत.' खाली तारीख आणि वेळ टाका. जे घडलं तेवढंच लिहा. काहीच सापडलं नसेल तर निरंक पंचनामा करायला सांगा आणि त्याची प्रत मागा. मोबाइल जप्त होत असेल, तर त्याचा आयएमईआय क्रमांक (हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक) यादीत आलाय ना, हे पाहा.

पहिला अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे

हा अर्ज फार कमी लोकांना माहीत असतो, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी हाच. कलम १८५(५) नुसार झडतीआधी केलेल्या लेखी नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत जवळच्या सक्षम दंडाधिकाऱ्यांकडे जायला हव्यात, आणि जागेचा मालक किंवा तिथे राहणारा यांनी अर्ज केल्यास त्यांना प्रत विनामूल्य मिळते. म्हणजे भाडेकरूही हा अर्ज करू शकतो, मालकाच्या संमतीची गरज नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी संबंधित पोलीस ठाणे ज्या कोर्टाच्या हद्दीत येतं, तिथे अर्ज द्या. मजकूर साधा ठेवा : 'दिनांक अमुक रोजी, सुमारे इतक्या वाजता, अमुक पोलीस ठाण्याच्या कर्मचाऱ्यांनी माझ्या राहत्या घराची झडती घेतली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५(५) अन्वये त्याबाबतच्या नोंदींची प्रत विनामूल्य मिळावी. तसेच कलम १०५ खालील चित्रीकरण प्राप्त झाले असल्यास त्याचीही प्रत मिळावी.' सोबत ओळखपत्र आणि त्या पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा जोडा. भाडेकरार, वीजबिल, रेशनकार्ड यातलं काहीही चालेल. 'अशी कोणतीही नोंद प्राप्त नाही' असं उत्तर लेखी आलं, तर निराश होऊ नका. तक्रारीतला तोच तुमचा सर्वांत भक्कम कागद.

माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज जोडीला करता येतो. त्यात केस डायरी, म्हणजे तपास अधिकाऱ्याची रोजची तपासनोंद, मागू नका, ती मिळत नाही. त्या दिवसाची स्टेशन डायरीतली (ठाण्यातल्या रोजच्या घडामोडींच्या वहीतली) नोंद आणि सरकारी गाडीचं लॉगबुक मागा. तपासाचं कारण सांगून नकार येऊ शकतो, पण नकारही लेखीच येतो. ठाण्यात नेऊन बसवलं असेल, तर तिथल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी लगेच करा. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार ते किमान एक वर्ष ठेवायचं असतं. सोसायटीचा किंवा समोरच्या दुकानाचा कॅमेरा मात्र काही दिवसांत स्वतःच पुसला जातो, तो आधी गाठा.

मग तक्रार

पहिली तक्रार जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे. आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती सांभाळा.

दुसरं दार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचं. प्रकाश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये राज्यांना अशी यंत्रणा उभारायला सांगितलं. महाराष्ट्रात २०१४ साली पोलीस अधिनियमात सुधारणा करून ती आली. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष असतात. तक्रार पीडित व्यक्ती, कुटुंबातली व्यक्ती किंवा त्यांच्या वतीने कुणीही करू शकतं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, कार्यपद्धती डावलून अटक किंवा स्थानबद्धता, खंडणी, भ्रष्टाचार, आणि कायद्याचं गंभीर उल्लंघन किंवा अधिकाराचा दुरुपयोग हे विषय त्यांच्या कक्षेत येतात. बेकायदा झडती या शेवटच्या प्रकारात मांडावी लागते. म्हणून 'पोलिसांनी त्रास दिला' एवढं पुरत नाही. कोणत्या कलमातली कोणती अट मोडली, हे एकेका वाक्यात लिहा. प्राधिकरणाला साक्षीसाठी बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण शिक्षा देण्याचे नाहीत. अहवाल राज्य सरकारकडे जातो.

तक्रारीसोबत ओळखपत्र, पंचनाम्याची प्रत, दंडाधिकाऱ्यांकडचा अर्ज आणि त्याचं उत्तर, मोडतोडीचे फोटो, इजा झाली असल्यास सरकारी रुग्णालयाचे कागद, आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्या. मजकुराला शपथपत्राची जोड असलेली बरी. अधिकाऱ्यांची नावं ठाऊक नसतील तर हुद्दा, बक्कल नंबर, गाडीचा क्रमांक, यातलं जे टिपलं असेल ते द्या.

मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, फी नाही. निनावी किंवा मोघम अर्ज तिथे टिकत नाहीत. राज्य आयोगाकडे प्रकरण चालू असताना तोच अर्ज राष्ट्रीय आयोगाकडे पाठवून उपयोग नाही.

कोर्टात जायचं असेल तर तारखेवर विशेष लक्ष ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४७ नुसार कायदेशीर अधिकाराशिवाय किंवा वाजवी कारणाशिवाय घरात शिरणं, झडती घेणं हा पोलिसासाठी स्वतंत्र गुन्हा आहे. पण त्याच अधिनियमाचं कलम १६१ कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यांसाठी दावा किंवा खटला दाखल करायला साधारणपणे फक्त सहा महिने देतं. वरिष्ठांच्या चौकशीची वाट बघण्यात ही मुदत हमखास निघून जाते, तेव्हा चौथा महिना उजाडला की वकिलाला कागद दाखवाच. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन लावा.