वळण संपलं, इंडिकेटर चालूच

नागपूरच्या लॉ कॉलेज चौकातून डावीकडे वळून मी अमरावती रोडला लागलो होतो. रविनगर चौक मागे पडला आणि एक मोपेडवाला पोरगा खिडकीशी आला. काच उघडीच होती, मे महिना आणि बिनएसीची गाडी. म्हणाला, ‘‘काका, कुठी वळून राह्यले? कधीचं चालू हाये ते!’’

ते म्हणजे डाव्या बाजूचं इंडिकेटर.

गाडी 1986 सालची प्रीमियर पद्मिनी. गेल्या वर्षी मी हौसेनं तिचं मूळचं मोठं स्टीअरिंग काढून लाकडी कड्याचं छोटं, देखणं स्टीअरिंग बसवलं. तेव्हापासून इंडिकेटरची दांडी आपणहून परत येत नाही. मेकॅनिकच्या भाषेत, रिटर्न गेलं. नव्या गाडीवाल्यांना हे रिटर्न म्हणजे काय, ते जाणवतसुद्धा नाही. ती टक् करून परत जाणारी दांडी गेली की मग कळतं, आजवर आठवण आपण ठेवत नव्हतो, गाडी ठेवत होती.

यंत्रणा अगदी साधी आहे. स्टीअरिंगच्या हबखाली, म्हणजे मधल्या भागाखाली, एक कडं असतं आणि त्यावर छोटा उंचवटा, म्हणजे कॅम. दांडी डावीकडे केली की तिला जोडलेली एक स्प्रिंगची जीभ पुढे सरकून या कड्याच्या वाटेत उभी राहते. तुम्ही स्टीअरिंग डावीकडे फिरवता तेव्हा कॅम जिभेवर येतो, ती त्या दिशेला सहज दबते आणि कॅम निघून जातो. वळण झालं, स्टीअरिंग उलटं फिरून सरळ होऊ लागलं की तोच कॅम दुसऱ्या बाजूनं येतो. या बाजूला जीभ दबत नाही. ती ढकलली जाते, आणि तिच्यासोबत दांडीही मधल्या खाचेत परत जाते. म्हणजे वळण संपल्याची खूण गाडी कशावरून ओळखते, तर उलट फिरणाऱ्या स्टीअरिंगवरून. ना मोटर, ना सेन्सर. मला हा तुकडा गाडीतल्या सगळ्यांत हुशार भागांपैकी एक वाटतो. पण बाजारातलं स्टीअरिंग ज्या बॉस किटवर, म्हणजे दांड्याशी जोडणाऱ्या मधल्या तुकड्यावर बसतं, तिच्यावर अनेकदा हा कॅमच नसतो. माझ्या किटवर नव्हता. जीभ वाटेत उभी राहते, येत कोणीच नाही.

कॅम शाबूत असला तरी त्याला स्टीअरिंग पुरेसं फिरलेलं लागतं. वर्धा रोडवर नुसती लेन बदलली तर तो जिभेपर्यंत पोचतच नाही. म्हणून तर नव्या गाड्यांत दांडी अर्धवट दाबली की तीनच वेळा लुकलुकून बंद होण्याची सोय असते.

या प्रश्नाशी लोक फार पूर्वीपासून झगडतायत. जुन्या मॉरिस मायनरला दारांच्या मधल्या खांबातून बाहेर येणारा छोटा हात असे, ट्रॅफिकेटर. आत विद्युतचुंबक, तो हाताला वर उचलायचा. वळून झाल्यावर मिटायचा विसरलात तर गाडी कान उभा केल्यासारखी तशीच चालायची. लुकलुकणारे दिवे कारखान्यातूनच बसवून आले ते ब्यूक या अमेरिकन गाडीच्या 1939 च्या मॉडेलवर, आणि आपोआप बंद होण्याची सोय लगेच 1940 मध्ये. विसरण्याचा प्रश्न वर्षभरात वर आला म्हणायचा. 1955 मध्ये आलेल्या एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारनं मात्र वेगळाच मार्ग धरला होता. तिच्या डॅशबोर्डवरच्या स्विचमध्ये रबरी पडदा होता. स्विच फिरवला की बारीक छिद्रातून हवा हळूहळू झिरपायची आणि काही सेकंदांनी स्विच परत जागेवर. इथे गाडी वळण ओळखत नाही, फक्त वेळ मोजते. या फरकाकडे पुन्हा येऊ.

आता आपल्या डोक्याकडे. बायको म्हणते, मी वेंधळा आहे. असेनही, पण या विसरण्याला मानसशास्त्रात वेगळं नाव आहे, कामपूर्तीनंतरची चूक. मायकेल बर्न आणि सुझन बोव्हेअर यांनी 1997 मध्ये तिच्यावर प्रयोग केले. झेरॉक्स काढून मूळ कागद मशीनमध्येच राहतो, ही तिची ओळखीची तऱ्हा. आपल्याला हवी असते प्रत. ती हातात आली की मेंदूच्या लेखी काम फत्ते, आणि उरलेली पायरी अनाथ होते. वळतानाही तसंच. हेतू असतो वळण्याचा, दिवा बंद करण्याचा नव्हे. वळलो की लक्ष पुढच्या खड्ड्याकडे आणि आडव्या येणाऱ्या ऑटोकडे. पुष्कळ एटीएम आधी कार्ड परत देतात आणि मग पैसे, ते याचसाठी. पैसे आधी हातात पडले असते तर कार्ड तिथेच राहिलं असतं.

मग ती टिकटिक कशाला आहे, असं कोणीही विचारेल. दिवा लुकलुकवणाऱ्या जुन्या डबीत, म्हणजे फ्लॅशरमध्ये, दोन धातूंची जोडपट्टी असते. विजेनं तापली की दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते, जोड तुटतो. थंड झाली की पुन्हा जुळतो. मिनिटाला 60 ते 120 लुकलुक, हे प्रमाण. नागपूरच्या 45 अंशांत बॉनेटखालच्या पट्टीला थंड व्हायला वेळ लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात टिकटिकही जरा आळसावते. पण हा आवाज दोन कारणांनी वाया जातो. एक, जुन्या इंजिनाच्या घरघरीत तो बुडतो. दुसरं कारण जास्त खोल आहे. तोच तो निरुपद्रवी आवाज येत राहिला की मज्जासंस्था त्याला उत्तर देणंच कमी करते. घरातल्या घड्याळाचा ठोका आपल्याला कुठे ऐकू येतो? मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीत ही सरावण्याची क्रिया मज्जापेशींच्या जोडांपर्यंत शोधत नेली. स्मृतीवरच्या त्यांच्या कामाला 2000 सालचं नोबेल मिळालं.

त्यात हौशी मंडळी बल्बच्या जागी एलईडी बसवतात. 21 वॉटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेतात. एलईडीला त्याचा छोटासा हिस्सा पुरतो. तेवढ्यानं पट्टी तापतच नाही. दिवा नुसता जळत राहतो. मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर येतो आणि तो बरेचदा मुका असतो. कॅमही गेला, आवाजही गेला.

विसरलेलं इंडिकेटर निव्वळ हसण्यावारी नेण्यासारखंही नाही. गल्लीतून बाहेर येणारा माणूस, हा आता वळणारच, म्हणून गाडी पुढे काढतो. न दिलेल्या इशाऱ्यापेक्षा खोटा इशारा वाईट, कारण त्यावर कोणीतरी विश्वास ठेवतं.

कामठी रोडवरच्या माझ्या इलेक्ट्रिशियननं बझर सुचवला, पण हुशारीनं: पहिली 20 सेकंद गप्प, मग वाजायचा. सरावलेल्या कानाला जाग येते ती नव्यानं सुरू होणाऱ्या आवाजानं, तेव्हा कल्पना मला पटली आणि बझर बसवून घेतला. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत अशीच घंटी आहे. पण ती वेळ नाही, अंतर मोजते, साधारण सव्वा किलोमीटर.

अंतर का, हे मला व्हेरायटी चौकात कळलं. उजवं इंडिकेटर देऊन लाल दिव्यावर उभा होतो. बझर वाजला. मी आज्ञाधारकपणे इंडिकेटर बंद केलं. दिवा हिरवा झाला आणि मी बिनइशाऱ्याचा उजवीकडे वळलो. मागून कचकन ब्रेक आणि एक खणखणीत आवाज: ‘‘वळाचं व्हतं तं सांगाचं नं, बाप्पा!’’

संध्याकाळी गाडी परत इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यानं ब्रेक लाईटची एक वायर टायमरला आणून जोडली. आता ब्रेकवर पाय असेपर्यंत सेकंद मोजले जात नाहीत. आणि मूळ स्टीअरिंग कुठं ठेवलंय, एवढं मात्र त्यानं दोनदा विचारलं.