काजूच्या आधी बिब्बा होता

गोव्यात सत्तरीत, सांगेत कुठल्याही डोंगरावर चढा, काजू इतका दिसतो की हे झाड इथलं नाही हे पटतच नाही. कित्येक ठिकाणी कुणी लावलेलं नाही, कुंपण नाही, वटवाघळं बोंडू म्हणजे काजूचं गरदार फळ नेतात, खातात, बी कुठेतरी पडते आणि झाड उभं राहतं. पण काजू मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेला, नावही तिकडच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलेलं.

1563 मध्ये गोव्यातच गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं, त्यात काजू नाही, इथल्याच रानातला बिब्बा मात्र आहे. नंतर 1578 मध्ये क्रिस्तोव्हाँव द कोश्ता या दुसऱ्या पोर्तुगीज वैद्याच्या पुस्तकात काजू आला, तोही कोचीच्या बागेतला. म्हणजे काजूने रान भरायला वेळ लागला असणार, आज बघून ते खरं वाटत नाही.

आणि बिब्ब्याचं मला फार वाईट वाटतं. युरोपातले औषधवाले त्यालाच आनाकार्दियम म्हणायचे, पण 1753 मध्ये झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने ते नाव काजूला दिलं, मग बिब्ब्याला सेमेकार्पस नाव मिळालं, खूण करणारं फळ, कारण धोबी त्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करायचे. बाहेरून आलेल्या झाडाने इथल्या झाडाचं नावच नेलं!

दोघं एकाच कुळातले, आंबाही त्यातलाच, म्हणून रानात गोंधळ होतो. दोन्हीकडे खाली बी लटकते आणि वर गरदार फुगलेला भाग असतो. पण काजूचं पान हाताच्या पंजाएवढं, चामड्यासारखं, टोकाला गोल, कधी किंचित खाच असते आणि चुरगळलं की टर्पेंटाइनसारखा वास येतो. बिब्ब्याचं पान खूप मोठं, फूटभरसुद्धा होतं, खालून पांढरट, फांदीच्या टोकाला गुच्छाने. बी काळी, वरचा भाग नारिंगी, बोंडूपेक्षा बराच लहान.



फक्त एक सांगते, खात्री नसेल तर पान चुरगळून वास घ्यायला जाऊ नका, बिब्बा निघाला तर त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात आणि ते लवकर बरे होत नाहीत. आधी पान उलटं करून खालचा रंग बघा.