निकॉन कॅमेऱ्याचं नवीन मॉडेल येईपर्यंत थांबायचं का? (आमच्या गिऱ्हाइकांसाठी, दिवाळी २०२५)

दसऱ्यापासून काउंटरवर रोज हाच प्रश्न येतोय, "नवीन बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) कधी येणारे, थांबू का आत्ताच घेऊन टाकू?" गर्दीत उभ्याउभ्या सांगताना निम्मं राहून जातं म्हणून हे पत्रक काढलंय, घरी न्या आणि निवांत वाचा. आपल्याकडे निकॉनवाले जास्त येतात म्हणून फक्त निकॉनबद्दल लिहिलंय.

सगळ्यात जास्त विचारणा कशाची तर डी५००च्या जागी येणाऱ्या मिररलेसची, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्याची. ज्यांनी ताडोब्याला जिप्सीत बसून किंवा भिगवणला होडीत बसून डी५०० वापरलाय त्यांना दुसरं काही पटकन पटतच नाही, आणि ते बरोबरच आहे. सेकंदाला १० फ्रेम, १५३ फोकस पॉइंट, दोन कार्ड, बटणं सगळी हाताखाली, आणि डीएक्स, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असल्यामुळे २००-५०० एमएमची लेन्स लावली की ७५०सारखी लांबची फ्रेम मिळते. तो जानेवारी २०१६ला जाहीर झाला, त्याच्या आधीचा डी३००एस २००९चा, म्हणजे मधे साडेसहा वर्षं लोक वाट बघत होते, कित्येकांनी डी७१००, डी७२०० घेऊन तेवढा काळ काढला आणि त्यावरही सुंदर फोटो काढले. आत्ता पुन्हा तीच वेळ आलीये. मिररलेसमध्ये डीएक्सला झेड५०, झेडएफसी, झेड३० आले आणि नोव्हेंबर २०२४ला झेड५० टू आला. झेड५० टूमध्ये प्रोसेसर झेड८ आणि झेड९चाच आहे, पक्षी ओळखून फोकस धरतो, पण कार्ड एकच आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) नाही. डी५००वाल्याला हवी असते ती मजबूत, दोन कार्डांची, मोठ्या बफरची (कार्डावर जाण्याआधी फोटो साठवणाऱ्या जागेची) डीएक्स बॉडी, आणि हे पत्रक छापेपर्यंत तरी निकॉनने अशी बॉडी जाहीर केलेली नाही. त्यामुळे "पुढच्या महिन्यात येतीये" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्यावर सफारीचं बुकिंग ठरवू नका.

ज्यांचा डी५०० अजून ठणठणीत आहे त्यांनी खुशाल थांबा, घाई काहीच नाही. ज्यांचं शटर खूप चाललंय आणि जंगलातलं काम नियमित आहे त्यांनी एकदा झेड८ हातात धरून बघा. त्याचा सेन्सर मोठा, फुल फ्रेम आहे, पण डीएक्स मोडमध्ये (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरून) टाकला तरी साधारण १९ मेगापिक्सेलची फ्रेम मिळते, डी५००ची २०.९ होती, म्हणजे फरक फार नाही. वजनही डी५००चं बॅटरी-कार्डासकट ८६० ग्रॅम आणि झेड८चं ९१०, त्यामुळे हाताला परकं वाटत नाही. रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढताना सेकंदाला २० फ्रेम मिळतात आणि शटरचा आवाज अजिबात नको असेल तर तोही बंद करता येतो, मचाणावर बसलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. किंमत मात्र बरीच जास्त आहे, आणि ती सगळ्यांनी मोजावी असं आम्ही मुळीच म्हणणार नाही.

लग्नवाल्यांचं गणित वेगळं आहे. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि तुमचे चार महिने त्यावर चालतात, तेव्हा ज्यांची बॉडी आत्ताच दगा देतीये त्यांनी अफवांवर थांबणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. आमच्या एका गिऱ्हाइकाने मागच्या वर्षी "अजून एक महिना, अजून एक महिना" करत आख्खा सीझन भाड्याच्या बॉडीवर काढला, भाडं आम्हालाच मिळालं, पण आम्हाला ते बघवलं नाही कारण त्या पैशात त्याची निम्मी बॉडी झाली असती. डी७५०वर काम करणाऱ्यांना आम्ही सरळ सांगतोय, झेड५ टू बघा. एप्रिल २०२५ला आलाय, दोन एसडी कार्ड तुमच्या डी७५०सारखीच, त्यामुळे घरातली कार्डं वाया जात नाहीत, बॅटरी ईएन-ईएल१५च्याच घराण्यातली, बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, आणि हळदीच्या मांडवात किंवा रात्रीच्या वरातीत अंधारात फोकस ज्या पद्धतीने पकडतो ते तुम्ही स्वतःच बघा. बॅटरीची एक गोष्ट लक्षात ठेवा, जुन्या ईएन-ईएल१५ चालतात पण कमी वेळ चालतात आणि बॉडीत यूएसबीने चार्ज होत नाहीत, त्यासाठी बी किंवा सी लिहिलेली लागते.

आता जुन्या लेन्सचं, कारण इथे लोकांचे पैसे अडकतात आणि आम्हाला मनापासून वाईट वाटतं. एफ माउंट, म्हणजे निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांवर लेन्स बसवायची पद्धत, १९५९पासूनचा आहे, कपाटात वडिलांच्या काळातल्या लेन्स असतात, आणि माणूस नवीन बॉडी घेऊन त्या लेन्स मिररलेसवर बसवणारा एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लावतो तर ५० एमएम १.८डी किंवा ८०-२०० २.८डी ऑटोफोकसच करत नाही. लेन्स खराब झालेली नसते. डी लिहिलेल्या या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्यांचा फोकस बॉडीतल्या मोटरचा स्क्रू फिरवायचा आणि अ‍ॅडॅप्टरमध्ये ती मोटर दिलेलीच नाहीये, एफटीझेड टूमध्येही नाही. डी५३००वाल्यांना हे माहीत आहे, त्यांच्या बॉडीतही मोटर नव्हती. एएफ-एस लिहिलेली लेन्स असेल तर बिनधास्त, तिचा ऑटोफोकस छान चालतो. मोटरवाला अ‍ॅडॅप्टर निकॉनने काढावा ही मागणी २०१८ला झेड६, झेड७ आले तेव्हापासूनची आहे, आमचीही तीच इच्छा आहे, पण येईल या आशेवर आज बॉडी घेऊ नका, एकतर लेन्सचा वेगळा विचार करा नाहीतर मॅन्युअल फोकसची तयारी ठेवा.

व्हिडिओवाल्यांसाठी थोडक्यात. निकॉनने २०२४ला सिनेमाचे कॅमेरे बनवणारी रेड कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर २०२५ला झेडआर हा व्हिडिओसाठीचा कॅमेरा जाहीर केला, मागे चार इंची मोठा स्क्रीन आहे, पण व्ह्यूफाइंडर नाही आणि दुसरं कार्ड मायक्रोएसडी आहे. फक्त सिनेमॅटिक करणाऱ्याला मस्त, स्टिल आणि व्हिडिओ एकाच बॉडीवर करणाऱ्याने आधी झेड६ थ्री बघावा.

झेड९च्या पुढच्या मॉडेलबद्दलही विचारणा आहे, तो २०२१चा आहे म्हणून. तोही हे पत्रक छापेपर्यंत जाहीर नाही. झेड९ जाहीर झाला तेव्हा मागणी इतकी आली की माल वेळेवर मिळेना आणि कंपनीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली, म्हणजे जाहीर झाल्याच्या दिवशीच बॉडी हातात येते असं धरून चालू नका. दुसरं असं की हातातला कॅमेरा तेवढ्यात म्हातारा होत नाही, झेड८ला पक्ष्यांसाठीचा वेगळा फोकस मोड फेब्रुवारी २०२४च्या फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) मिळाला, तोही फुकट. कित्येकांच्या बॉडीत अजून जुनंच फर्मवेअर असतं, दुकानात आणलीत तर आम्ही टाकून देतो, पैसे घेत नाही.

झेड८बद्दल एक मागणी आम्ही रोज ऐकतो आणि आम्हाला ती शंभर टक्के पटते, दोन्ही कार्ड एकाच जातीची द्या. आत्ता एक सीएफएक्सप्रेस आणि एक एसडी, दोन्हीवर एकत्र रॉ लिहायला लावलं की एसडीमुळे सगळं हळू होतं आणि बफर भरतो. तोपर्यंत जमेल तितकं वेगवान एसडी वापरा.

आमच्याकडून एक गोष्ट स्पष्ट, जाहीर न झालेल्या मॉडेलसाठी आम्ही अ‍ॅडव्हान्स घेत नाही, दुसरीकडे कोणी मागितला तर देऊ नका. बिल आणि भारतातली वॉरंटी बघितल्याशिवाय स्वस्तातली बॉडीही उचलू नका.

ट्रायलला येताना तुमच्याच लेन्स, तुमचाच फ्लॅश आणि तुमचंच कार्ड आणा, समोरच्या रस्त्यावरच्या गाड्यांवर पाचपन्नास फ्रेम मारा आणि फाइली घरी नेऊन बघा. एक्सचेंज करायची असेल तर जुन्या बॉडीतून काढलेला एक ताजा, एडिट न केलेला फोटो आधी पाठवा, त्यावरून शटर काउंट (शटर किती वेळा चाललंय तो आकडा) बघून अंदाजे भाव सांगता येतो. सोमवारी दुकान बंद असतं, आणि तुळशीच्या लग्नानंतर शनिवार-रविवारी डेमोच्या बॉडीसुद्धा भाड्याने बाहेर असतात, तेव्हा मंगळवार ते गुरुवार दुपारी या.