व्हेन थिंग्ज वेअर रॉटन

व्हेन थिंग्ज वेअर रॉटन : रॉबिन हूड या मध्ययुगीन इंग्रज बंडखोराच्या दंतकथेचे विडंबन करणारी अमेरिकन विनोदी दूरचित्रवाणी मालिका. मेल ब्रुक्स, जॉन बोनी आणि नॉर्मन स्टाइल्स या तिघांची ही कल्पना. पॅरामाउंटने तयार केलेली ही मालिका एबीसी वाहिनीवर १० सप्टेंबर १९७५ पासून दर बुधवारी रात्री आठ वाजता दाखवली जाऊ लागली. अर्ध्या अर्ध्या तासाचे १३ भाग झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती थांबली.

‘तेव्हा सगळेच सडलेले होते’ असा शीर्षकाचा सरळ अर्थ होतो, आणि मालिकेचा सारा रोख त्यात आला आहे. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ म्हणणारी माणसे प्रत्येक देशात असतात. इंग्रजांच्या मनात तो जुना सुखाचा काळ ‘मेरी इंग्लंड’ या नावाने वसतो : हिरवेगार शेरवुडचे अरण्य, दिलदार धनुर्धर, न्यायी राजा परत येण्याची वाट पाहणारी भोळी रयत. ते चित्र मुळातच खोटे होते, अन्न, अंमलदार, राजपुत्र आणि खुद्द नायकाची अक्कल यांतले काहीच धड नव्हते, असे गृहीत धरून मालिका सुरू होते.

ज्या कथेची थट्टा करायची तिचीही मुळे येथे पाहायला हवीत, कारण ती कथा कधीच एका रूपात स्थिर नव्हती. रॉबिन हूडचा साहित्यातला सर्वांत जुना उल्लेख १३७७च्या सुमाराचा. लँगलंड या कवीच्या काव्यातला एक आळशी पाद्री कबुली देतो, की आपल्याला प्रार्थना धड येत नाही, रॉबिन हूडची गाणी मात्र येतात. म्हणजे तोवर ती गाणी लोकांच्या तोंडी रुळली होती. पंधराव्या शतकातल्या पोवाड्यांत रॉबिन सरदार नाही, साधा ‘योमन’, म्हणजे स्वतंत्र कुळवाडी वर्गातला माणूस आहे. त्यातल्या एका दीर्घ पोवाड्यात तो कर्जात बुडालेल्या सरदाराला चारशे पौंड उसने देतो. राजाचे नाव तिथे एडवर्ड आहे. राजा रिचर्ड आणि त्याचा भाऊ जॉन यांच्या काळात रॉबिनला नेऊन बसवले ते स्कॉटिश इतिहासकार जॉन मेजर याने, १५२१मध्ये. रॉबिनची प्रेयसी मॅरियन ही फ्रेंच गोपगीतांतून आणि वसंतोत्सवाच्या खेळांतून आली. रॉबिनला हंटिंग्डनचा उमराव करून टाकले ते १५९८च्या सुमाराच्या नाटकांनी. प्रत्येक पिढीने आपल्याला हवा तसा रॉबिन घडवला. मराठीतही ‘रॉबिनहूड’ हे नाव आता एका माणसाचे उरलेले नाही. धनिकांना लुटून गोरगरिबांना देणाऱ्या कोणत्याही बंडखोराला आपण ते सहज लावतो.

पडद्यावरचा रॉबिन घडला तो १९३८च्या हॉलिवुडपटातील एरल फ्लिनमुळे. तंग पोशाख, पीस खोवलेली टोपी, कमरेवर हात आणि खळखळून हसणे, ही त्याची देणगी. त्यानंतर १९५५ ते १९५९ या काळात रिचर्ड ग्रीनची ब्रिटिश मालिका आली. तिचे १४३ भाग झाले आणि अमेरिकेत सीबीएस वाहिनीवरही ती दाखवली गेली. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवुडने काळ्या यादीत टाकलेल्या अमेरिकन लेखकांनी टोपणनावांनी तिचे बरेच भाग लिहिले. जुलमी अंमलदाराविरुद्ध उभे राहणाऱ्यांची गोष्ट त्यांनी किती आतून लिहिली असेल, याची कल्पना करता येते. ती मालिका पाहत वाढलेली मुले १९७५मध्ये पंचविशी-तिशीत होती. विडंबन फुलायला मूळ गोष्ट ऐकणाऱ्याला तोंडपाठ असावी लागते, आणि या प्रेक्षकाला ती होती.

ब्रुक्स त्या वेळी यशाच्या शिखरावर होते. १९७४ या एकाच वर्षात त्यांचे ‘ब्लेझिंग सॅडल्स’ आणि ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ हे दोन चित्रपट गाजले होते. पहिल्यात त्यांनी काउबॉयपट उलटापालटा केला, दुसऱ्यात भयपट. छोट्या पडद्यावर तर त्यांनी बक हेन्री यांच्याबरोबर १९६५मध्येच ‘गेट स्मार्ट’ ही हेरकथांची टिंगल करणारी मालिका उभी केली होती. नव्या मालिकेतले दोन प्रमुख नटही तिथूनच आले. तिथे हायमी नावाचा यंत्रमानव झालेला डिक गॉटिए इथे रॉबिन हूड झाला आणि तिथला खलनायक सीगफ्रीड, म्हणजे बर्नी कोपेल, इथे टोळीचा शाहीर ॲलन-अ-डेल. गॉटिएकडे फ्लिनच्या थाटाचे देखणेपण होते, म्हणून त्याचा रूबाबदार पण बुद्धीने बेताचा रॉबिन शोभून दिसतो. डिक व्हॅन पॅटनने फ्रायर टक हा खुशालचेंडू भिक्षू रंगवला, डेव्हिड सेबिनने रॉबिनचा साथीदार लिटल जॉन, मिस्टी रोने मॅरियन. नॉटिंगहॅमचा शेरीफ, म्हणजे रॉबिनचा वैरी असलेला अंमलदार, होता हेन्री पॉलिक आणि राजपुत्र जॉन होता रॉन रिफकिन. रिचर्ड डिमित्रीने जुळ्या भावांच्या दोन भूमिका केल्या.

मालिकेतील विनोदाचे मुख्य हत्यार कालविपर्यास हे आहे. माणसे बाराव्या शतकाच्या पोशाखात वावरतात आणि बोलतात, भांडतात, सौदे करतात ती विसाव्या शतकातल्या अमेरिकनांसारखी. भागांची नावेच पाहावीत. ‘देअर गोज द नेबरहूड’ हा शहरी मध्यमवर्गाचा नेहमीचा उद्गार : नको ते शेजारी आले, आता आपल्या आळीचे काही खरे नाही. ‘द फ्रेंच डिसकनेक्शन’ हे नाव ‘द फ्रेंच कनेक्शन’ या १९७१च्या गाजलेल्या पोलिसपटावरून बेतलेले. त्या भागात सिड सीझर पाहुणा कलाकार म्हणून आला, आणि हा योग मला फार मोलाचा वाटतो. १९५०च्या दशकात सीझरच्या थेट प्रक्षेपित होणाऱ्या विनोदी कार्यक्रमासाठी तरुण ब्रुक्स लिहीत असत. चित्रपटांची विडंबने हा त्या कार्यक्रमाचा प्राण होता. एकही खरा शब्द न उच्चारता फ्रेंच, जर्मन, इटालियन बोलल्याचा हुबेहूब भास निर्माण करण्यात सीझरचा हात धरणारा कोणी नव्हता. ब्रुक्स ज्या शाळेत विडंबन शिकले, त्या शाळेचे गुरुजीच शेरवुडमध्ये येऊन गेले.

मालिका इतक्या लवकर का संपली? वेळ हे एक कारण. एनबीसीवर नेमक्या त्याच वेळी ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ ही घराघरांत शिरलेली कौटुंबिक मालिका लागत असे, सीबीएसवर टोनी ऑर्लँडो यांचा गाण्यांचा कार्यक्रम. शिवाय १९७५च्या त्याच हंगामात अमेरिकेतील वाहिन्यांनी रात्रीच्या मुख्य प्रक्षेपणाचा पहिला तास सहकुटुंब पाहण्याजोगा ठेवण्याचे बंधन स्वीकारले होते. पुढच्याच वर्षी न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला, पण तोवर ही मालिका संपली होती. ब्रुक्स यांचा चित्रपटांतला विनोद चावट, धर्म आणि वंश यांवर बेधडक बोट ठेवणारा. रात्री आठच्या त्या सोवळ्या तासात त्याला वाव नव्हता.

तरीही दोष सगळा वेळेवर ढकलता येत नाही. ‘गेट स्मार्ट’ चालू होती तेव्हा जेम्स बाँडचे नवे चित्रपट येत होते आणि शीतयुद्धाच्या बातम्या रोज येत होत्या, त्यामुळे थट्टेला ताजा माल मिळत राहिला. रॉबिन हूड १९७५मध्ये आठवणीतला होता. त्याची टोपी, त्याचे धनुष्य, त्याचे हसणे यांची चेष्टा पहिल्या दोन-तीन भागांत करून झाली, की पुढे पात्रांवर भिस्त ठेवावी लागते. प्रेक्षक दर आठवड्याला परत येतो तो विनोदासाठी तितका नाही, जितका माणसांसाठी. इथली पात्रे विनोदापुरतीच उभी राहतात. विनोदांचा मारा इतका वेगवान आहे, की त्यांच्याविषयी जीव लागायला उसंतच मिळत नाही. दीड तासाच्या चित्रपटात हा वेग उपकारक ठरतो, आठवड्यागणिक पाहताना थकवतो. जानेवारी १९७६मध्ये एबीसीने ही वेळ ‘द बायॉनिक वुमन’ या मालिकेला दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी शॉन कॉनरी आणि ऑड्री हेपबर्न यांचा ‘रॉबिन अँड मॅरियन’ हा चित्रपट आला. त्यातला रॉबिन म्हातारा, थकलेला आणि गंभीर होता. जुन्या नायकाकडे संशयाने पाहण्याची ओढ त्या काळाचीच होती, हे या दोन कृती शेजारी ठेवल्या की ध्यानात येते.

मालिका बंद पडली, तरी तिच्यातल्या नटांचे भले झाले. १९७७मध्ये कोपेल ‘द लव्ह बोट’मधला जहाजावरचा डॉक्टर म्हणून आणि व्हॅन पॅटन ‘एट इज इनफ’मधला आठ मुलांचा बाप म्हणून घरोघरी पोचले. स्टाइल्स लहान मुलांच्या ‘सेसमी स्ट्रीट’चे प्रमुख लेखक झाले.

ब्रुक्स यांनी शेरवुड सोडले नव्हते. १९९३मध्ये त्यांनी ‘रॉबिन हूड : मेन इन टाइट्स’ हा चित्रपट काढला. त्याला निमित्त होते केव्हिन कॉस्टनरचा १९९१चा भव्य रॉबिन हूड, म्हणजे थट्टेला पुन्हा ताजा माल मिळाला होता. केरी एल्विस रॉबिन झाला, फ्रायर टकच्या जागी टकमन नावाचा ज्यू धर्मगुरू आला आणि ती भूमिका खुद्द ब्रुक्स यांनी केली. नॉटिंगहॅमच्या शेरीफचे गाव झाले ‘रॉटिंगहॅम’. १९७५च्या शीर्षकातला सडका शब्द असा पुन्हा डोकावला. जुन्या मालिकेतला फ्रायर टक, डिक व्हॅन पॅटन, याही चित्रपटात आहे, मठाधिपतीच्या छोट्याशा भूमिकेत.